तळघराच्या भिंतीला तीन तऱ्हेचे तडे: इपॉक्सी, पीयू की आणखी काही?

कोनाडा

तळघराच्या भिंतींना तीन ठिकाणी तडे आहेत. इलाज एकच की वेगवेगळा, यावर जाणकारांचं मत हवंय. मोजमापं खाली देतो.

तीन बाजूंच्या भिंती ओतीव काँक्रीटच्या, २०० मिमी जाड, २.४ मीटर उंच. चौथी बाजू नंतर वाढवलेली, २०० मिमीच्या पोकळ सिमेंट ब्लॉकची, ५ मीटर लांब. बाहेर मातीचा भराव जवळजवळ वरपर्यंत.

तडा १: ओतीव भिंतीच्या साधारण मध्यावर, उभा, वरपासून तळापर्यंत. रुंदी ०.३ ते ०.५ मिमी, दोन्ही कडा एका पातळीत. जोराच्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी खालच्या अर्ध्या भागातून पाणी झिरपतं. कडेने पांढरा लोणा (क्षार) आलाय.

तडा २: ओतीव भिंतीतच. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघून तिरका खाली उतरतो. वर ३ मिमी, तळाशी १ मिमीपेक्षा कमी. एक कड दुसरीपेक्षा साधारण १ मिमी पुढे आलीय. पाणी येत नाही.

तडा ३: ब्लॉकच्या भिंतीत आडवा, निम्म्या उंचीवरच्या सांध्यात, ३ मीटर लांब, २ मिमी रुंद. दोन्ही टोकांना पायऱ्यापायऱ्यांनी कोपऱ्यांकडे जातो. उभी दोरी ताणून पाहिली तर मध्ये १८ मिमी पोट आलंय. तळाचे दोन थर कायम ओले.

एकाने तिन्हींत इपॉक्सी (चिकटून कडक होणारं रेझिन) भरायला सांगितलंय. दुसरा म्हणतो, तिन्ही खोदून लगेच आवळणाऱ्या सिमेंटने बुजवा. कोणाचं ऐकावं?

ओळंबा

मोजमापं नीट दिलीत, त्यामुळे बोलता येतंय. दोघांचंही ऐकू नका. तिन्हींत एकच माल भरा म्हणणारा तड्याकडे बघून बोलत नाही, स्वतःकडे कोणता पंप आहे ते बघून बोलतो.

तडा १ आकुंचनाचा आहे. काँक्रीट वाळताना आक्रसतं, खालून फुटिंगने (भिंतीखालच्या पायाच्या रुंद पट्ट्याने) ते धरून ठेवलेलं असतं. लांब भिंतीत सांधा सोडला नसेल तर ती आपणच कुठेतरी सांधा करून घेते. उभा, बऱ्यापैकी सारख्या रुंदीचा, कडा पुढेमागे नाहीत, म्हणजे भार पेलण्याच्या दृष्टीने काळजी नाही. इथे काम एकच, पाणी अडवणं. त्यासाठी पीयू इंजेक्शन, म्हणजे पॉलियुरेथेन पंपाने दाबून तड्यात भरणं. इपॉक्सी इथे का नको, तर तड्याच्या आतल्या बाजूंवरही लोणा आणि गाळ बसलेला असणार. इपॉक्सी काँक्रीटला न चिकटता त्या थराला चिकटेल. ओलसर भेगेत चालणारी इपॉक्सी मिळते, पण तीही लोण्याला काँक्रीट समजून धरणार नाही. शिवाय उभा तडा तापमानाप्रमाणे थोडाफार उघडमीट करतो. तिथे लवचीक माल बरा.

तडा २ बद्दल आज निर्णय घेऊ नका. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा आकुंचनानेही जातो, पण तो साधारण केसाएवढा असतो. तुमचा वर ३ मिमी आहे, खाली निमुळता आहे आणि एक कड पुढे आलीय. ही खचण्याची लक्षणं. वर रुंद असेल तर बहुधा भिंतीचं टोक खाली बसतंय, खाली रुंद असेल तर मधला भाग. पाणी येत नाही म्हणून हा सौम्य वाटतो, पण घराच्या दृष्टीने पहिल्यापेक्षा हाच जड आहे.

तडा ३ मध्ये काहीही भरून उपयोग नाही. तो मातीच्या दाबाने पडलाय. निम्म्या उंचीवर आडवा आणि टोकांना पायऱ्यापायऱ्यांनी, हा दाबाखाली वाकणाऱ्या ब्लॉकच्या भिंतीचा अगदी ठरलेला नकाशा आहे. तिथे भिंतीला आधार हवा.

एक गोष्ट विचारायची राहिली. ओतीव भिंतीतल्या तड्यांच्या कडेला तांबूस डाग आहेत का? सळीच्या रेषेतच तडा असेल आणि गंज दिसत असेल, तर इंजेक्शन करून गंज आत कोंडायचा नसतो. तिथलं काँक्रीट फोडून सळी घासून साफ करावी लागते.

कोनाडा

तांबूस डाग नाहीत. पीयूचं काम नेमकं कसं करतात आणि माल किती लागेल? शिवाय कोरड्या दिवसांत तडा पूर्ण वाळला की इपॉक्सी का चालू नये?

थापी

वाळला तरी लोणा आतच राहतो. तो काढायला ॲसिड ओतण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. ॲसिडचा अंश तड्यात अडकून राहतो आणि पुढे कुठलाच माल धरत नाही.

पीयू दोन जातींचा येतो. हायड्रोफिलिक जात पाणी पिऊन फुगते आणि जेलसारखी राहते. जिथे पाणी बारा महिने आहे तिथे ती चांगली. तुमच्याकडे पावसानंतरच पाणी येतं, म्हणजे मधल्या काळात ते जेल वाळून आक्रसणार आणि पुढच्या पावसात कडेने वाट मिळणार. म्हणून हायड्रोफोबिक जात घ्या. ती पाण्याशी क्रिया करून फेसाळते, पण पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे सुकल्यावर आक्रसत नाही. लवचीक लिहिलेली घ्या. हायड्रोफोबिकमध्ये कडक होणारा फेसही मिळतो, तो या कामाचा नाही.

आता काम. तारेच्या ब्रशने तड्याच्या दोन्ही बाजू १०० मिमीपर्यंत घासून रंग आणि लोणा काढा. तडा स्वच्छ दिसला पाहिजे, नाहीतर भोकं अंदाजाने पडतात. भोक तड्यावर पाडायचं नाही, तड्यापासून १०० मिमी बाजूला, म्हणजे भिंतीच्या जाडीच्या निम्म्या अंतरावर, ४५ अंशात तड्याकडे तिरकं. म्हणजे ते भिंतीच्या बरोबर पोटात तड्याला छेदतं. तिरक्या मापाने तडा साधारण १४० मिमीवर लागेल, त्यापुढे आणखी २५ ते ३० मिमी जा. भिंत आरपार भोसकायची नाही. १३ मिमीच्या पॅकरला (भोकात घट्ट बसवायची, पंप जोडायची नळी) १४ मिमीचा बिट लागतो. सळी शोधायचं यंत्र आधी फिरवून घ्या. बिट सळीवर आपटला तर तिथेच जोर न करता भोक थोडं वर-खाली सरकवा.

भोकं एक डावीकडून, एक उजवीकडून, अशी आलटून पालटून, उभ्या मापात सुमारे २०० मिमी अंतराने. २.४ मीटरला १२ पॅकर धरा. एकाच बाजूने सगळी पाडली आणि तडा आत तिरका वळलेला असला, तर निम्मी भोकं त्याला लागतच नाहीत.

भोकांतली भुकटी काढणं हा कामाचा अर्धा जीव आहे, आणि बहुतेक वेळा तिथेच हात आखडतो. ड्रिलची भुकटी ओली झाली की तिचा लगदा होऊन तड्याचं तोंड बंद होतं. मग पंपावर दाब चढतो, माल मात्र जात नाही आणि आपल्याला वाटतं तडा भरला. म्हणून पॅकर बसवून आधी साधं पाणी पंप करा. समोर तड्यातून पाणी बाहेर येताना दिसलं, तर ते भोक कामाचं. दिसलं नाही तर शेजारी दुसरं पाडा. या पाण्याने आतली धूळही निघते आणि पीयूला फुगायला लागणारी ओलही मिळते.

माल सर्वांत खालच्या पॅकरपासून. दाब हळू वाढवा. तड्यातून आधी पाणी, मग पाणीमिश्रित फेस, मग निखळ माल येईल. वरच्या पॅकरपर्यंत माल पोचला की तिकडे सरका. वरपर्यंत गेल्यावर उत्प्रेरकाने माल घट्ट होण्याआधी खालून पुन्हा एक फेरी मारा. पहिल्या फेरीतला फेस विरळ असतो, दुसरी त्याला दाबून घट्ट करते. ही फेरी टाळलेली कामं पुन्हा गळतात. उत्प्रेरकाचं प्रमाण डब्यावर असेल तेवढंच. थंडीत माल संथ चालतो म्हणून अंदाजाने वाढवलं तर तो पंपातच आवळतो.

मालाचा हिशेब: लांबी गुणिले जाडी गुणिले रुंदी. २.४ मी × ०.२ मी × ०.०००४ मी म्हणजे जेमतेम २०० मिली. पण भोकं भरतात, काही माल भिंतीपलीकडे मातीत जातो, काही समोरून गळतो. दीड ते दोन लिटर हाताशी असू द्या. तीन लिटर जाऊनही दाब चढत नसेल तर बाहेर पोकळी आहे. थांबा, ती मालाने भरत बसू नका.

दुसऱ्या दिवशी पॅकर काढून भोकं न आक्रसणाऱ्या मॉर्टरने बुजवा. काम चालू असताना नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांवर गॉगल आणि नुसता धुळीचा मास्क न लावता वाफेसाठीची काडतुसं असलेला मास्क. पीयूमध्ये आयसोसायनेट असतात आणि तळघरात हवा खेळत नाही, पंखा लावून ती बाहेर काढा.

ओळंबा

तडा २ वर नजर कशी ठेवायची ते सांगतो. काचेची पट्टी चिकटवायची जुनी रीत आहे. काच फुटली तर भिंत हलली एवढं कळतं, किती आणि कुठल्या दिशेने ते नाही. आणि काच नीट चिकटली नसेल तर न फुटता सरकते.

त्यापेक्षा तड्याच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक, असे तीन लहान स्क्रू त्रिकोणात पक्के बसवा. तिन्ही अंतरं व्हर्नियर कॅलिपरने ०.१ मिमीपर्यंत मोजा. त्रिकोणामुळे तडा उघडतोय की एक बाजू खाली सरकतेय, हे वेगळं कळतं. असे त्रिकोण वर, मध्ये आणि खाली. महिन्यातून एकदा मोजा, शेजारी तारीख आणि त्या दिवशीचं तापमान लिहा. तड्याच्या खालच्या टोकाला पेन्सिलची आडवी रेघ मारून तारीख टाका, तडा पुढे सरकला तर लगेच दिसेल. एक ओला आणि एक कोरडा मोसम पूर्ण जाऊ द्या. दोन महिन्यांच्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष ऋतूचा असतो, पायाचा नाही.

दरम्यान त्या कोपऱ्याबाहेर बघा. छताचं पाणी तिथेच पायाशी पडतंय का, जमिनीखालची नळी फुटलीय का, चिकण माती असेल तर जवळ मोठं झाड आहे का? वरच्या मजल्यावर त्याच बाजूची दारं चौकटीत अडकतात का, हेही पाहा. पाणी भरलेल्या लेव्हल नळीने तळघराच्या चारी कोपऱ्यांची पातळी घेऊन ठेवा.

नोंदी स्थिर आल्या तर इपॉक्सी. तडा कोरडा आणि स्वच्छ आहे, आणि भिंत पुन्हा एकजीव करायचीय, म्हणजे इपॉक्सीचं खरं काम इथेच. ऋतूप्रमाणे उघडून परत मिटत असेल तर लवचीक माल. एकाच दिशेने वाढत असेल तर काहीच भरू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला नोंदी दाखवा. पायाखाली खोलवर आधार द्यावा लागतो. हलत्या तड्यात इपॉक्सी भरली की तिची पकड काँक्रीटपेक्षा मजबूत ठरते. मग भिंत तिथे न फुटता शेजारी फुटते आणि दुरुस्ती फसली म्हणून मालाला दोष दिला जातो.

थापी

स्थिर ठरला तर तेव्हासाठी: इपॉक्सीला पॅकर नको, तड्यावरच चिकटवायचे पोर्ट (माल आत सोडायची छोटी तोंडं). अंतर भिंतीच्या जाडीएवढं, २०० मिमी. मधला तडा इपॉक्सी पेस्टने ५० मिमी रुंद आणि ३ मिमी जाड थर देऊन बंद करा आणि रात्रभर सुकू द्या. हा थर कुठे फुटला तर सगळा माल जमिनीवर. तुमच्या तड्याची रुंदी बदलती आहे, त्यामुळे खाली पातळ रेझिन आणि वरच्या ३ मिमीच्या भागात घट्ट जेलसारखी. पातळ माल रुंद तड्यात थांबत नाही, मागच्या बाजूने मातीत निघून जातो. दाब कमीच, दीड ते तीन बार, खालून वर. वरच्या पोर्टमधून माल दिसला की खालचा बंद करून पुढे. इथे घाई करणाऱ्याच्या तड्यात हवा कोंडते. थर खरवडायला निदान २४ तास, पूर्ण ताकदीला साधारण सात दिवस.

पहार

ब्लॉकच्या भिंतीबद्दल. पोकळ ब्लॉकमध्ये इंजेक्शन म्हणजे माल ब्लॉकच्या पोटात ओतणं. तो सांध्यात थांबतच नाही. आतून वॉटरप्रूफ रंग किंवा गिलावा करण्याचाही मोह टाळा. ब्लॉकच्या पोकळ्यांत आत्ताच पाणी उभं आहे, म्हणून तळाचे थर ओले दिसतात. आतून तोंड बंद केलंत तर पाण्याची पातळी पोकळीत वर चढेल आणि रंग फोड येऊन सुटेल.

दाब किती असतो त्याचा अंदाज घ्या. २.४ मीटर उंच पाणी भिंतीमागे उभं राहिलं तर तळाशी दर चौरस मीटरला २.४ टन, आणि भिंतीच्या दर मीटर लांबीवर एकूण सुमारे २.९ टन ढकलणारा जोर. मातीचा त्याखेरीज. सळी आणि ग्राउट (पोकळीत ओतलेलं पातळ काँक्रीट) नसलेल्या पोकळ ब्लॉकने हे पेलावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून आधी पाणी.

१०० चौरस मीटर छतावर २५ मिमी पाऊस म्हणजे २,५०० लिटर. पन्हळीचा पाइप पायाशी सुटत असेल तर त्यातलं बरंचसं याच भिंतीमागे जातं. पाइप निदान दोन-तीन मीटर लांब न्या. जमिनीचा उतार घरापासून बाहेर, पहिल्या ३ मीटरमध्ये १५० मिमी. वरचा थर चिकण मातीचा घट्ट ठोकलेला हवा. तिथे खडी किंवा वाळू पसरू नका, पाणी सरळ आत उतरतं. ही कामं झाल्यावर पहिला तडाही किती गळतो ते पाहा, कदाचित निम्म्याने कमी झालेला असेल.

मग आधार. ओळंबा लावून दर मीटरला पाच उंचींवर मोजा. मधेच पोट आहे, की वरचा भाग आत झुकलाय, की तळाचा थर फरशीवरून आत घसरलाय? हे तीन वेगळे आजार आहेत. फक्त पोट असेल, ५० मिमीच्या आत असेल आणि ब्लॉक शाबूत असतील, तर कार्बन फायबरच्या उभ्या पट्ट्या चालतात. १८ मिमी त्यात बसतं. पट्ट्यांत १.२ ते १.८ मीटर अंतर ठेवतात. तुमच्या ५ मीटरला चार पट्ट्या, पण अंतर आणि रुंदी इंजिनिअरने ठरवलेली हवी. पट्टीखालचा रंग, गिलावा, सगळं ग्राइंडरने उघड्या ब्लॉकपर्यंत काढायचं, खड्डे इपॉक्सी पुट्टीने सपाट करायचे. रंगावर चिकटवलेली पट्टी रंगासकट निघते. ग्राइंडरला धूळ ओढणारं व्हॅक्यूम जोडा, सिमेंट ब्लॉकच्या धुळीत सिलिका असते.

दोन्ही टोकं बांधलेली असणं महत्त्वाचं. नुसती मध्ये चिकटवलेली पट्टी पोट वाढू देत नाही, पण अख्खी भिंत वरून आत झुकायला मोकळी राहते. वर माळ्याच्या लाकडाला किंवा बीमला, खाली फरशीला किंवा फुटिंगला ती धरलेली हवी. तळाचा थर घसरलेला असेल तर पट्टीचा उपयोग नाही. तिथे फरशीला आणि माळ्याला पक्के धरलेले स्टीलचे उभे खांब, किंवा बाहेर मातीत नांगर टाकून भिंत मागे ओढायची. त्याहून जास्त गेलेली भिंत उतरवून पुन्हा बांधणं बरं.

पट्टी आहे तिथे थांबवते, सरळ करत नाही. सरळ करायची असेल तर आधी बाहेरून माती काढावी लागते. ओल्या भरावाविरुद्ध आतून जॅक लावून ढकलू नका, ब्लॉक फुटतात. बाहेर खोदायचंच ठरलं तर त्याच वेळी मेंब्रेन (पाणी अडवणारा थर), ड्रेनेज शीट (पाणी खाली उतरवणारी) आणि तळाशी जिओटेक्स्टाइलमध्ये (गाळ अडवणाऱ्या कापडात) गुंडाळलेल्या खडीत छिद्रांचा पाइप. आणि खोदाईचं यंत्र भिंतीपासून निदान खोदाईच्या खोलीएवढं लांब.

कोनाडा

समजलं. मग लगेच आवळणारं सिमेंट कुठेच नको का? आणि ब्लॉकच्या पोकळीत आत्ता साठलेल्या पाण्याचं काय?

थापी

त्याचं काम आहे, पण बूच म्हणून. पाणी धारेने येत असेल आणि पीयूचा फेस धुपून जात असेल, तर तेवढ्यापुरता तडा दाबायला ते वापरतात. खाच २० मिमी रुंद, २० ते २५ मिमी खोल, आतून बाहेरच्यापेक्षा थोडी रुंद. इंग्रजी व्हीसारखी खाच केलीत तर बूच पाण्याच्या दाबाने उडतं. हातात गोळा गरम लागेपर्यंत मळा, खाचेत दाबा आणि घट्ट होईपर्यंत हात हलवू नका. तीन ते पाच मिनिटांत आवळतं, म्हणून एका वेळी मूठभरच कालवा. कायमचा इलाज म्हणून ते टिकत नाही, कारण २०० मिमी जाडीतले २५ मिमीच बंद झाले, मागचे १७५ मिमी पाण्याने भरलेलेच. ते ताठ आहे, भिंत थोडी हलली की कडेने केसाएवढी फट पडते.

पहार

पोकळीतलं पाणी तळाच्या थराला आतून भोकं पाडून सोडतात, प्रत्येक पोकळीला एक, फरशीच्या पातळीला. पण आधी त्या पाण्याला जायला जागा हवी: भिंतीलगत फरशी कापून आतली चर, त्यात पाइप आणि खडी, शेवटी संप (पाणी गोळा करायचा खड्डा) आणि पंप. चर कापताना मात्र जपून. तळाच्या थराला आतून फरशीचाच टेकू असतो. ५ मीटर लांबीची फरशी एकाच वेळी कापलीत तर पोट आलेली भिंत तळाशी घसरू शकते. एकेक मीटरचे टप्पे, एक सोडून एक, आणि कापलेला टप्पा काँक्रीट भरून घट्ट झाल्यावरच पुढचा. पट्ट्या किंवा खांब आधी, चर नंतर.

कोनाडा

पहिल्या तड्यावर पीयू झाल्यानंतर लगेच गिलावा आणि रंग करता येईल का?

थापी

बाहेर आलेला फेस पात्याने कापून टाका आणि एक पूर्ण पावसाळा तडा उघडा ठेवा. कुठे ओल दिसली तर त्याच जागी दोन पॅकर पुन्हा टाकून भरता येतं. वर गिलावा असेल तर पाणी त्याच्या मागून पसरून मीटरभर लांब बाहेर येतं आणि मूळ जागा सापडत नाही. तळाशी, भिंत आणि फरशीच्या सांध्यात ओल आली तर मात्र ती या तड्याची समजू नका. ते पाणी फरशीखालून दाबाने वर येतं, आणि तिथे तडा भरून काही होत नाही.